ध चा मा

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. जिल्हा आवृत्तीचं शेवटचं पान सुटायला वीस मिनिटं होती आणि पहिल्या पानावर तळाशी तीन कॉलमांची जागा अजून मोकळी होती. तेवढ्यात तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला. “ताई, मोठी बातमी आहे. नवरा गेला, बायकोला पोलिसांनी उचललंय. प्रकरण आहे म्हणतात.”

‘प्रकरण आहे’ एवढ्यावर मला सगळं कळल्यासारखं वाटलं. मी मथळा लावला : ‘प्रियकराच्या मदतीने पत्नीने काढला पतीचा काटा’. सहा शब्द होते आणि जागेत चपखल बसले. त्यात ‘आरोप’ हा शब्द नव्हता, ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हेही नव्हतं. सोबत नातेवाइकांकडून मिळवलेला लग्नाचा फोटो होता. मी तो तिच्यापुरता कापून घेतला. मुंडावळ्या बांधलेला तो चेहरा सकाळी जिल्ह्याच्या घराघरांत गेला.

साधारण चार वर्षांनी त्याच वार्ताहरानं पाच ओळी पाठवल्या. सत्र न्यायालयानं तिला निर्दोष सोडलं होतं. त्या दिवशी जाहिराती जास्त होत्या. त्या पाच ओळी आतल्या पानावर ‘संक्षिप्त’मध्ये गेल्या, फोटोशिवाय. तिथे त्या लावणारीही मीच होते.

बाईनं केलेल्या, किंवा बाईवर आरोप असलेल्या खुनाच्या बातम्या मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं वाचत आले आहे. काही खटल्यांचे निकाल मुळातून वाचले, जुन्या प्रकरणांचा माग काढला. या सगळ्यात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. पुरुषावर खुनाचा आरोप आला की आपण त्यानं काय केलं हे विचारतो. बाईवर आला की ती कसली बाई आहे हे विचारतो. एकदा हा दुसरा प्रश्न धरला की पहिल्याचं उत्तर शोधायची कुणाला गरज वाटत नाही.

शनिवारवाड्यातलं पत्र

मराठीत अशी पहिली गाजलेली ‘बातमी’ अडीचशे वर्षं जुनी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी, म्हणजे पदरच्या पगारी सैनिकांनी, खून केला. गारद्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोष नारायणरावांचे काका रघुनाथराव यांच्यावर ठेवला. पेशवेपदही रघुनाथरावांनाच मिळालं. पुढे बारभाईंनी, म्हणजे दरबारातल्या कारभाऱ्यांनी, जे कारस्थान रचलं तेही त्यांना पदावरून दूर करण्यासाठीच.

आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट मात्र वेगळी असते. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या पत्रात ‘धरावे’ लिहिलं होतं. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘मारावे’ झालं. आनंदीबाईंनीच अक्षर बदललं असं दाखवणारा पुरावा इतिहासाच्या अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. तरी गोष्ट शाळेत, नाटकांत, वाडा पाहायला आलेल्या पाहुण्यांना सांगण्यात टिकून राहिली. ‘काका, मला वाचवा’ ही पुतण्याची आरोळी लोकांच्या तोंडी राहिली. दोष मात्र काकूच्या नावावर चढला.

मजकुरात लबाडीनं केलेल्या फेरफाराला मराठी माणूस आजही ‘ध चा मा’ म्हणतो. म्हणजे खोटेपणाबद्दल बोलतानाही आपण एका बाईवरचा सिद्ध न झालेला आरोप रोज नव्यानं उच्चारतो. सत्तेची हाव, भाऊबंदकी, थकलेल्या पगारासाठी चिडलेले सैनिक, फितूर कारभारी हे सगळं समजून घ्यायला वेळ लागतो. महत्त्वाकांक्षी काकूची गोष्ट एका दमात सांगून होते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर शेवटच्या वीस मिनिटांत नेमकं हेच घडतं.

बुलढाण्याहून आलेलं उत्तर

या सवयीला मराठीत पहिलं खणखणीत उत्तर दिलं तेही एका बाईनं, आणि तेही वर्तमानपत्रातल्या लिखाणाला. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयानं विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली. अपिलात ती जन्मठेपेच्या काळ्या पाण्यावर आली, नंतर आणखी कमी झाली. वृत्तपत्रांत मात्र चर्चा पेटली ती विधवांच्या वागणुकीची आणि एकूण स्त्रीजातीच्या ‘बिघडण्याची’. ‘पुणेवैभव’सारख्या पत्रातल्या मजकुरानं संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून त्याच्या पाचशे प्रती निघाल्या.

ताराबाईंचं म्हणणं थोडक्यात असं. जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या अंगी चिकटवता, ते पुरुषांत आहेत की नाहीत ते आधी तपासा. पुनर्विवाहाची वाट तुम्हीच बंद केली, आणि त्या बंद वाटेवर जे घडतं त्याची शिक्षा एकट्या बाईला. मूल एकटीचं नसतं. खटल्यात मात्र ती एकटी उभी असते. माध्यमसमीक्षा वगैरे शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते, पण बातमीत कोण दिसतं आणि कोण गायब असतं हे ताराबाईंनी नेमकं हेरलं होतं. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. इतरांनी पुस्तकाकडे पाठ फिरवली. ते पुन्हा मराठी वाचकांसमोर आलं १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांच्यामुळे.

फुल्यांनी हाच प्रश्न त्याआधीच वेगळ्या मार्गानं हाताळला होता. पुण्यात त्यांच्या स्नेह्याच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या विधवेनं, एका शास्त्र्यापासून झालेलं मूल मारलं आणि तिला अंदमानची शिक्षा झाली. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल हवं तर इथेच ठेवून जा, असं विधवांना सांगितलं. १८८४ पर्यंत अशा पस्तीस जणी तिथे आल्याचं जोतीरावांनी नोंदवलं आहे. काशीबाई पापीण की दुर्दैवी यावर ते दोघं वाद घालत बसले नाहीत. पुढच्या काशीबाईवर ही वेळ येऊ नये म्हणून काय करता येईल, हे त्यांनी पाहिलं. खुनाच्या बातमीनंतर वर्तमानपत्रानं काय विचारावं, याचा इतका चांगला धडा मला पत्रकारितेच्या वर्गात मिळाला नव्हता.

नौदलाचा गणवेश

आता एका पुरुषाची बातमी. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराच्या, प्रेम आहुजाच्या घरी जाऊन त्याच्यावर गोळ्या झाडल्या आणि स्वतःहून पोलिसांकडे गेले. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं त्यांची बाजू उचलून धरली. पांढऱ्या गणवेशातला देखणा अधिकारी, देशसेवेसाठी समुद्रावर गेलेला, घरी फसवला गेलेला. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेला असं सांगतात. ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली.

नानावटींबद्दल जे छापलं गेलं ते आनंदीबाई किंवा विजयालक्ष्मीबद्दलच्या मजकुराशेजारी ठेवून पाहावं. पुरुषानं खून केला, तर त्याच्या संतापामागचं कारण शोधलं गेलं. कारण सापडलं आणि त्याला मान मिळाला. २०१६ साली ‘रुस्तम’ या हिंदी चित्रपटात तीच व्यक्तिरेखा पुन्हा नायक म्हणून उभी राहिली. नवऱ्याच्या प्रेयसीला मारणारी बाई अशी पडद्यावर येईल का, हा प्रश्न मी एका कार्यशाळेत तरुण वार्ताहरांना विचारला होता. बराच वेळ कुणी बोललं नाही.

कडेवरचं लेकरू

इथे कुणी म्हणेल की मग बाईचा गुन्हा सौम्य करून सांगायचा का? अजिबात नाही. म्हणूनच मला सगळ्यात अवघड प्रकरणाकडे यायचं आहे.

अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांना १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये अटक झाली. १९९० पासून त्या पुणे, कोल्हापूर, नाशिक, ठाणे, मुंबई अशा शहरांतून लहान मुलं पळवत होत्या, असा आरोप होता. जत्रेत, मंदिरात, एसटी स्टँडवर पाकीट आणि साखळी मारायची. कडेवर लेकरू असलं की संशय येत नाही, आणि पकडलं गेलं तर लेकराकडे बघून लोक सोडून देतात. मूल नकोसं झालं की त्याला मारायचं. तेरा मुलांच्या अपहरणाचा आरोप होता. उच्च न्यायालयात आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच मुलांचे खून सिद्ध धरले गेले. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच १९९७ मध्ये कोठडीत मरण पावली. दोन्ही मुलींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं २००१ मध्ये फाशी सुनावली. त्या निकालातलं मुलांचं वर्णन मी एका बैठकीत वाचू शकले नाही.

हा गुन्हा माझ्या माहितीतल्या कोणत्याही गुन्ह्याइतकाच भयंकर आहे. तरीही त्याच्या बातम्यांमध्ये काय राहून गेलं ते पाहिलं पाहिजे. पूतना, कैकेयी, हडळ, चेटकीण ही आपल्या डेस्कवरची ठरलेली शब्दसंपदा अशा वेळी बाहेर निघते. आईनं मूल मारल्याची बातमी असली की गीतरामायणातली, भरतानं कैकेयीला उद्देशून म्हटलेली ओळ मथळ्यात येते. मीही ती दोनदा वापरली आहे. बाई राक्षसीण ठरली की कारणांचा शोध संपतो, कारण राक्षसिणीला कारण लागत नाही.

सहा वर्षं, अनेक शहरं, एकामागून एक बेपत्ता होणारी मुलं. एका शहराची नोंद दुसऱ्या शहरापर्यंत का पोहोचली नाही? पळवलेली मुलं बहुतांशी गरिबाघरची होती. त्यांच्या हरवण्याची तक्रार घेताना पोलीस ठाण्यात किती तातडी दिसली? रेणुकाचा नवरा किरण शिंदे सुरुवातीला आरोपी होता, तो माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. त्याच्या साक्षीवर खटला उभा राहिला. लोकांच्या आठवणीत मात्र तो कुठेच नाही. तिथे आहेत फक्त ‘त्या बहिणी’. २०१९ मध्ये त्यांच्यावर आलेल्या ‘पोशम पा’ या चित्रपटाचा केंद्रबिंदूही आई आणि मुली हाच राहिला.

२०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला तेव्हा बातम्यांचा सूर बदलला. ‘स्वतंत्र भारतात फाशी जाणाऱ्या पहिल्या महिला’ हे वाक्य सगळीकडे झळकलं. २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कैदी महिलेबाबतही तेच झालं. मथुरेच्या कारागृहातलं महिला फाशीघर कसं आहे, दोर कुठून येणार, याची वर्णनं आली. मृत कोण होते, शिक्षेपर्यंत खटला कसा गेला, याला जागा मिळाली नाही. ‘पहिली महिला’ हे बिरुद आपण विमान उडवणारीला देतो आणि त्याच सुरात फाशीच्या दोराखाली उभी राहणारीलाही.

१८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं रेणुका आणि सीमाची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्ह्याच्या क्रूरतेबद्दल न्यायालयाला शंका नव्हती. दयेच्या अर्जाची फाइल सरकारी टेबलांवरून सात वर्षांहून अधिक काळ रेंगाळत राहिली, हे कारण होतं. त्या मुलांच्या आईबापांनाही इतकी वर्षं शेवट मिळाला नाही. या रेंगाळण्याची चौकशी करणारी मोठी बातमी मी शोधली, मला ती कुठे दिसली नाही.

कस्तुरबा नगरच्या ‘दुर्गा’

बाईचं चित्र नेहमी काळंच रंगतं असं नाही. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर दुपारी, अक्कू यादव नावाच्या गुंडाला जमावानं ठार मारलं. कस्तुरबा नगर या वस्तीवर त्याची अनेक वर्षं दहशत होती. बलात्कार, खंडणी, खून यांचे आरोप होते. वस्तीतल्या बायका तिखट आणि चाकू घेऊन न्यायालयात शिरल्या, असं तेव्हापासून सांगितलं जातं. या वेळी मथळे वेगळे होते. दुर्गा, रणरागिणी, महिषासुरमर्दिनी. जगभरच्या माध्यमांनी त्यांचे फोटो छापले. २०२२ मध्ये एका मोठ्या ओटीटीवर त्यावर मालिकाही आली.

२०१४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयानं पुराव्याअभावी सगळ्या आरोपींना सोडलं. म्हणजे अक्कू यादवला नेमकं कुणी मारलं, हे कायद्याच्या दृष्टीनं आजही ठरलेलं नाही. तरी माध्यमांनी त्या बायकांच्या हातात त्रिशूळ देऊन टाकलं.

हे चित्र कौतुकाचं असल्यामुळे त्याचं काही बिघडत नाही असं वाटतं, पण तेही तितकंच झाकून टाकतं. वस्तीतल्या बायका वर्षानुवर्षं पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होत्या. बहुतांश दलित, मोलमजुरी करणाऱ्या बायकांच्या तक्रारींची तेव्हा बातमी झाली नाही. माणूस मेला तेव्हा त्या देवी झाल्या. देवीला कुणी विचारत नाही की तुझी पहिली तक्रार कुणी फाडली. देवीचं प्रकरण एकदा आरती झाली की संपतं. पुन्हा मोलमजुरीला जाणारी, साक्षीसाठी तारखांना हजर राहणारी, आपल्या मुलीला काय सांगावं हे न कळणारी बाई त्या चित्रात मावत नाही.

स्टुडिओतलं न्यायालय

वाहिन्या आल्या आणि डेस्कवरची वीस मिनिटंही गेली. २००८ मध्ये नोएडात एक शाळकरी मुलगी आणि घरातला नोकर यांचा खून झाला. मुलीच्या आईच्या मुलाखती दाखवून ‘ही रडत कशी नाही’ असं विचारलं गेलं. पुढे तिला आणि तिच्या पतीला शिक्षा झाली, आणि १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. अश्रूंचा अभाव हा पुरावा नाही, हे कोणत्याही कनिष्ठ वकिलाला ठाऊक असतं. आई म्हणून तिनं परीक्षेत उत्तर चुकवलं होतं, एवढंच स्टुडिओत पुरेसं ठरलं.

२०१५ मध्ये मुंबईत शीना बोरा या आपल्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून इंद्राणी मुखर्जी यांना अटक झाली. त्यांचा खटला अजून संपलेला नाही आणि त्याचा निकाल न्यायालयच देईल. त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मात्र रोज रात्री त्यांच्या लग्नांची गणती झाली, पार्ट्यांचे फोटो फिरले, मुलीला बहीण म्हणून का सांगितलं यावर मानसशास्त्र सांगितलं गेलं. मला खटकलेली गोष्ट वेगळी आहे. २०१२ च्या मे महिन्यात रायगडच्या पेण तालुक्यात गागोदे गावाजवळच्या जंगलात जळालेल्या मृतदेहाचे अवशेष सापडले होते. तेव्हा खुनाचा गुन्हा नोंदवला गेला नाही. तीन वर्षं कुणी ते अवशेष कुणाचे म्हणून विचारलं नाही. हा प्रश्न काही दिवस विचारला गेला आणि मग लग्नांच्या हिशेबाखाली दबून गेला. एखाद्या तरुण मुलीचा मृतदेह तीन वर्षं बेवारस राहू शकतो, ही बातमी कोणत्याही स्त्रीच्या चारित्र्यापेक्षा आपल्या मुलींच्या दृष्टीनं मोठी होती.

२०२५ मध्ये हे सगळं हातातल्या फोनवर आलं. मार्चमध्ये मेरठला एका तरुणाचा मृतदेह निळ्या प्लास्टिक ड्रममध्ये सिमेंटखाली सापडला. पत्नी आणि तिच्या मित्राला अटक झाली. काही दिवसांत निळा ड्रम हा विनोद झाला. लग्नाच्या वरातीत, रील्समध्ये, नवऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर. जूनमध्ये मेघालयात मधुचंद्राला गेलेल्या इंदूरच्या तरुणाचा मृतदेह दरीत सापडला. पत्नीचा पत्ता नव्हता तेव्हा वाहिन्यांनी आधी मेघालयातल्या स्थानिक लोकांवर संशय घेतला. तिला अटक झाल्यावर त्याच वाहिन्यांनी सगळ्या नवविवाहित मुलींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. दोन्ही प्रकरणं न्यायालयात आहेत. मला त्या दोन मृत तरुणांच्या आयांचा विचार येतो. त्यांच्या मुलाचा मृत्यू देशभर हसण्याचा विषय झाला होता. बाईचं चित्र रंगवण्याच्या नादात मेलेल्या माणसाची हेळसांड होते, आणि ही हेळसांड पुरुषांचीही होते.

या गोंगाटात आकडे ऐकू येत नाहीत. भारतातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते. त्यांत महिला सुमारे २३ हजार ८००, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. जगभरात खुनाच्या संशयितांत दहापैकी साधारण नऊ पुरुष असतात. त्याच २०२२ मध्ये भारतात सहा हजारांहून अधिक हुंडाबळी नोंदवले गेले. म्हणजे दिवसाला सतरा-अठरा मुली. त्यांतल्या किती जणींसाठी आपण रात्रभर जागलो? माणसानं कुत्र्याला चावणं ही बातमी, असं पत्रकारितेत शिकवतात. पण त्या न्यायानं वर्षभर फक्त माणसाच्या चावण्याच्या बातम्या दिल्या, तर कुत्रा चावलेल्यांसाठी लस कुणी मागायची?

‘गुन्हा कबूल केला’

आता थोडं कामाचं बोलते, कारण हा लेख वाचणाऱ्यांत बातमीदारही असतील.

आपला सगळ्यात मोठा स्रोत पोलीस असतात आणि अटकेनंतर दोन-तीन दिवसांत एक वाक्य हमखास येतं : ‘तिने गुन्ह्याची कबुली दिली’. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात ते होतं, आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. ही तरतूद इंग्रजांनी केली, कारण कोठडीत कबुली कशी मिळते हे त्यांच्या अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं. जे न्यायाधीशासमोर चालत नाही ते आपण लाखो वाचकांसमोर पुरावा म्हणून ठेवतो. बाई असली की कबुलीसोबत ‘अनैतिक संबंधांची’ माहितीही येते, तीही ‘सूत्रांकडून’. संबंध होते की नव्हते याचा शोध लागण्याआधी ते ‘अनैतिक’ ठरलेले असतात.

न्यायालयांनी याची दखल घेतली आहे. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर एका अभिनेत्रीवर वाहिन्यांनी जो मारा केला, त्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०२१ रोजी सविस्तर निकाल दिला. तपास सुरू असताना आरोपीचं चारित्र्य रंगवणं, कबुलीजबाब छापणं, प्रसंगाची नाट्यमय पुनर्रचना करणं या गोष्टी न्यायात ढवळाढवळ करतात, असं बजावलं. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं त्या प्रकरणात तपास बंद करण्याचा अहवाल दिला. पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याचे नियम करा, असं सर्वोच्च न्यायालयानंही सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारला सांगितलं. नियम झाले तरी मथळा मात्र कुणीतरी माणूसच लावतो.

कायद्यानं काही ठिकाणी बाईची गोष्ट आपल्यापेक्षा जास्त नीट ऐकली आहे. इंग्लंडमध्ये किरणजीत अहलुवालिया यांनी दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना त्यांच्यामागे उभी राहिली आणि १९९२ मध्ये अपिलानंतर त्या सुटल्या. दीर्घ छळ हा क्षणिक संतापाइतकाच खरा असतो, ही जाणीव त्या प्रकरणानं ठसवली. २०१३ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयानं छळ सोसलेल्या एका पत्नीवरचा खुनाचा ठपका सदोष मनुष्यवधावर आणताना तोच विचार मांडला. नवजात मुलाला मारणाऱ्या आईच्या मनःस्थितीला इंग्लंडच्या कायद्यानं १९२२ पासून वेगळं स्थान दिलं आहे. बाळंतपणानंतर हजारात एक-दोन जणींना तीव्र मनोविकार होतो आणि त्यावर उपचार आहेत. आपण मात्र ‘निर्दयी माता’ लिहून पुढच्या पानाकडे वळतो. त्या बातमीखाली कुठल्या डॉक्टरकडे जावं, घरच्यांनी कोणती लक्षणं ओळखावीत, हे चार ओळींत छापलं तर एखादं मूल वाचेल. बालहत्या प्रतिबंधक गृहाचा विचार याहून वेगळा नव्हता.

मी नव्या वार्ताहरांना काही साध्या गोष्टी सांगते. मथळ्यात ‘आरोप’ हा शब्द मावत नसेल तर मथळा बदला, शब्द गाळू नका. लग्नाचा फोटो वापरू नका. बाईच्या जागी पुरुषाचं नाव घालून वाक्य वाचून पाहा; वाचवत नसेल तर ते वाक्य चुकीचं आहे. मेलेल्या माणसाबद्दल एक परिच्छेद तरी लिहा, तो कोण होता ते. आरोपी सुटली तर तिची सुटका त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत छापा. आणि शिक्षा सुनावण्यापूर्वीची सुनावणी ऐकायला न्यायालयात बसा. तिथे आयुष्य काय होतं ते बोललं जातं, आणि बहुतेक वेळा पत्रकारांची बाकं रिकामी असतात.

पाच ओळी

ज्या रात्री मी तो मथळा लावला, त्या रात्री मला काहीच चुकीचं वाटलं नव्हतं. ‘काटा काढला’ हा शब्दप्रयोग इतका सरावाचा होता की त्यात नवरा काटा आहे हे आपणच गृहीत धरतो, हेही जाणवलं नाही. तिचं मन आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही ते सहा शब्दांत लिहून टाकलं.

मागच्या वर्षी मी त्या निकालाची प्रत मिळवून वाचली. सरकारपक्षाला मृत्यूची वेळ सिद्ध करता आली नव्हती. ज्याला आम्ही ‘प्रियकर’ म्हटलं, तो तिच्या नवऱ्याच्याच कामावरचा मदतनीस होता. दोघांत काही संबंध असल्याचा एकही साक्षीदार उभा राहिला नव्हता. निकालात शेवटी लिहिलं होतं की आरोपी क्रमांक एक चार वर्षं कोठडीत होती. तिला एक मुलगा होता, अटकेच्या वेळी दोन वर्षांचा. तिला भेटायला जावं असं अनेकदा वाटलं. तालुक्याच्या वार्ताहराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “ताई, ती त्या गावात राहिली नाही. सासरच्यांनीही ठेवलं नाही, माहेरच्यांनीही नाही.”

त्या पाच ओळी इथे पुन्हा लिहिते, यावेळी ‘संक्षिप्त’च्या बाहेर. पतीच्या खुनाच्या आरोपातून सत्र न्यायालयानं या महिलेची निर्दोष मुक्तता केली. पुरावा नाही, असं न्यायालयानं म्हटलं. ती चार वर्षं तुरुंगात होती. तिच्याविषयी आमच्या वर्तमानपत्रात छापलेला मथळा खोटा होता. तो मी लिहिला होता.

तिचं नाव मी दिलेलं नाही. ते एकदा पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापून झालं आहे.